कडेवरचा मजकूर

पाच मार्कचे जुने जर्मन नाणे हाती आले की नजर आधी राजाच्या दाढीकडे जाते. जाऊ दे. पण नाणे विकत घ्यायचे असेल तर राजा आणि गरुड या दोघांनाही थोडा वेळ बाजूला ठेवावे, नाणे दोन बोटांत आडवे धरावे आणि कड सावकाश फिरवत पाहावी. तिथे खोलगट अक्षरांत ‘गॉट मिट उन्स’ असे लिहिलेले असते: देव आमच्यासवे. मूळचे हे प्रशियाचे ब्रीद, पुढे साऱ्या साम्राज्याच्या मोठ्या नाण्यांवर आले. ही तीन शब्दांची ओळ कुठे पुसट झाली आहे, कुठे गुळगुळीत झाली आहे, कुठे कानस फिरली आहे, यावरून त्या नाण्याने गेली शंभर-सव्वाशे वर्षे कशी काढली ते कळते. राजाचा चेहरा पॉलिश करून चकचकीत करता येतो. कडेवर हात फिरवायचे मात्र फसवणारा बहुधा विसरतो.

ही नाणी कुठल्या हिशेबाने पाडली, ते आधी पाहू. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य उभे राहिले, तेव्हा त्यात २२ राजघराणी आणि ३ स्वतंत्र शहरे होती. चार राज्ये (प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग), सहा महासरदारक्या (ग्रँड डची), पाच सरदारक्या (डची) आणि सात छोटी संस्थाने. आपल्याकडच्या बडोदे-ग्वाल्हेर-कोल्हापूरपासून ते जत-फलटणपर्यंतच्या उतरंडीची ज्यांना सवय आहे, त्यांना हा प्रकार लगेच समजेल. प्रत्येकाला मान हवा, प्रत्येकाला नाण्यावर आपले तोंड हवे. आणि व्यापाऱ्यांना मात्र हॅम्बुर्गपासून म्युनिकपर्यंत एकच हिशेब हवा होता, कारण तोवर उत्तरेत थालर आणि दक्षिणेत गुल्डन चालत असे. एक थालर म्हणजे पावणेदोन गुल्डन, एक गुल्डन म्हणजे ६० क्रॉयत्सर. हे आकडे तोंडी करत धंदा करणे काय असेल, याची कल्पना करा.

९ जुलै १८७३ च्या नाणेविषयक कायद्याने सगळीकडे मार्क हे एकच चलन आणून यावर तोड काढली, आणि ती फार हुशारीची होती. २ आणि ५ मार्कच्या चांदीच्या नाण्यांची एक बाजू साम्राज्याची: गरुड, ‘डॉयचेस राइश’ (जर्मन साम्राज्य), साल आणि किंमत. दुसरी बाजू त्या त्या राज्याची: राजाचा मुखवटा, किंवा शहर असेल तर त्याचे मानचिन्ह. १ मार्क आणि त्याखालच्या नाण्यांवर कोणाचेच तोंड नाही. ती सगळीकडे सारखी. म्हणजे राजेशाहीचा संग्रह करायचा तर २ मार्कच्या खाली उतरण्यात अर्थ नाही.

वजनाचा हिशेब सरळ आहे, आणि तो पाठ असायलाच हवा. ५०० ग्रॅम शुद्ध चांदीतून १०० मार्क. म्हणजे प्रत्येक मार्कमागे ५ ग्रॅम शुद्ध चांदी. कस हजारात ९००, उरलेले तांबे. त्यामुळे २ मार्कचे नाणे ११.११ ग्रॅम आणि २८ मिलिमीटर, ३ मार्कचे १६.६७ ग्रॅम आणि ३३ मिलिमीटर, ५ मार्कचे २७.७८ ग्रॅम आणि ३८ मिलिमीटर. घरात राणीछाप रुपया असेल तर तो २ मार्कशेजारी ठेवून पाहा. रुपया ११.६६ ग्रॅमचा, कस ९१७ च्या आसपास, आकाराने जरा पसरट. तळहातावर दोन्ही जवळजवळ सारखेच लागतात.

या दोन नाण्यांत वजनाच्या पलीकडेही नाते आहे. जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले आणि जुन्या थालरांची वितळवलेली चांदी १८७० च्या दशकात बाजारात ओतली. त्याच काळात अमेरिकेतल्या नेवाडाच्या खाणींतूनही चांदी येत होती, इतर देशही चांदीकडे पाठ फिरवत होते. भाव घसरला. भाव पडताना पाहून जर्मनीने १८७९ मध्ये विक्री थांबवली, पण घसरण काही थांबली नाही. रुपया चांदीचा, त्यामुळे इंग्लंडच्या पौंडापुढे तो उतरत गेला आणि शेवटी १८९३ मध्ये मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद कराव्या लागल्या. बर्लिनच्या निर्णयाची झळ मुंबईच्या फोर्टपर्यंत पोहोचली ती अशी. एकट्या जर्मनीवर सारा दोष टाकणे बरोबर नाही, पण तिचा वाटा होता.

३ मार्कचे नाणे मात्र १८७३ च्या कायद्यात नव्हते. त्याचे कारण जुना थालर. १८५७ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे पाडलेला फेराइन्सथालर ५०० ग्रॅम शुद्ध चांदीतून ३० नग या हिशेबाचा: वजन १८.५२ ग्रॅम, कस ९००. नवे चलन आल्यावरही तो ३ मार्क म्हणून चालतच राहिला आणि कितीही रकमेला चालला. नवी चांदीची नाणी मात्र २० मार्कांपर्यंतच घेण्याचे बंधन होते. थालरचे चलन १ ऑक्टोबर १९०७ ला संपले. लोकांच्या हाताला त्या आकाराची सवय होती, म्हणून १९०८ पासून ३ मार्कचे नाणे सुरू झाले. इथे नवा माणूस हमखास गोंधळतो: थालरमधली शुद्ध चांदी १६.६७ ग्रॅम आहे आणि ३ मार्कच्या नाण्याचे एकूण वजनही १६.६७ ग्रॅमच आहे. त्यात शुद्ध चांदी फक्त १५ ग्रॅम. चांदीच्या भावावर सौदा करताना दोन्ही एकच धरली तर दहा टक्क्यांचा फटका बसतो.

आणखी एक गोष्ट याच हिशेबातून कळते. चांदीची नाणी माणशी किती पाडायची याला कायद्याने मर्यादा होती: सुरुवातीला दरडोई १० मार्क, १९०० मध्ये १५, १९०८ मध्ये २०. म्हणून १९०० नंतरची नाणी बाजारात जिकडेतिकडे दिसतात आणि १८७० च्या दशकातली, त्यातही न झिजलेली, शोधावी लागतात. जुने ते दुर्मिळ हा नियम सरसकट खरा नाही, पण इथे बऱ्यापैकी लागू पडतो.

मग संग्रह कसा करायचा? सर्वांत मोहक योजना म्हणजे २२ राजघराण्यांचे प्रत्येकी एक चांदीचे नाणे. ऐकायला सोपी वाटते. सुरुवातीचे दहा-बारा टप्पे झरझर होतात: प्रशियाचा दुसरा विल्हेल्म, बव्हेरियाचा ओटो, सॅक्सनीचा फ्रीडरिश आउगुस्ट, व्युर्टेम्बर्गचा विल्हेल्म, बाडेनचा फ्रीडरिश. ३ मार्कच्या आकारात यातली बहुतेक नाणी चांदीच्या भावावर थोडे चढवून मिळतात. मग छोट्या संस्थानांशी गाठ पडते. रॉइसच्या धाकट्या पातीचे चांदीचे नाणे एकच, २ मार्क, १८८४ चे. श्वार्त्सबुर्ग-रुडोलश्टाटचेही एकच, २ मार्क, १८९८ चे. आणि वाल्डेक-पिरमोंटचे फक्त ५ मार्क, १९०३ चे, तेही २००० नग. या एका नाण्यावर संपूर्ण योजना अडते. माझे स्पष्ट मत असे की वाल्डेकची जागा रिकामी ठेवावी आणि पेटीत तशीच दिसू द्यावी. त्या एका नाण्याच्या पैशात दुसऱ्या घराण्यांची सुरेख, अस्पर्श नाणी येतात.

याहून लहान आणि मला जास्त आवडणारी योजना म्हणजे जोड्या लावणे. हानोव्हरचा शेवटचा राजा पाचवा गेओर्ग. त्याचे राज्य १८६६ मध्ये प्रशियाने गिळले. त्याचा फेराइन्सथालर फार महाग नाही. खाली टांकसाळीचे अक्षर ‘बी’. आता त्याच्या शेजारी प्रशियाच्या पहिल्या विल्हेल्मचे १८७५ चे ५ मार्क ठेवा, त्यावरही तेच ‘बी’ असलेले. टांकसाळ तीच, गाव तेच, मालक बदलला. आणि तिसरे नाणे ब्राउनश्वाइगचे, १९१५ चे: त्यावर पाचव्या गेओर्गचा नातू एर्न्स्ट आउगुस्ट आणि त्याची बायको व्हिक्टोरिया लुईझ, म्हणजे कैसरची, प्रशियाचा राजा आणि जर्मन सम्राट असलेल्या दुसऱ्या विल्हेल्मची मुलगी. आजोबाचे राज्य ज्या घराण्याने घेतले, नातू त्याच घराण्याचा जावई झाला. या तिसऱ्या नाण्याचे दोन प्रकार आहेत. आधीच्या मजकुरात ड्यूकच्या किताबातले लुनेबुर्गचे नाव नव्हते, मग ते घालून नवा ठसा झाला. नाव नसलेला प्रकार फार थोडा पाडला गेला, त्यामुळे किमतीत मोठा फरक पडतो. विकणाऱ्याने काय लिहिले आहे त्यावर विसंबू नये, भिंग घेऊन मजकूर स्वतः वाचावा.

मुंबईकराला रस वाटेल असा चेहरा साक्से-कोबुर्ग-गोथाच्या १८९५ च्या नाण्यांवर आहे. हा ड्यूक आल्फ्रेड, राणी व्हिक्टोरियाचा दुसरा मुलगा. १८७० मध्ये तो मुंबईत आला होता, आणि त्या भेटीची आठवण म्हणून बांधलेली ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ ही इमारत आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. रीगल चौकातून जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल की ज्याच्या नावाने ती वास्तू उभी राहिली, तो पुढे एका जर्मन संस्थानाचा धनी झाला आणि तिथल्या २ आणि ५ मार्कवर बसला?

टांकसाळीची अक्षरे लहान असतात, पण गावाचा पत्ता तीच सांगतात. ए म्हणजे बर्लिन, बी हानोव्हर, सी फ्रांकफुर्ट, डी म्युनिक, ई सॅक्सनी, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूह, एच डार्मश्टाट, जे हॅम्बुर्ग. सॅक्सनीची टांकसाळ १८८७ मध्ये ड्रेस्डेनहून फ्रायबेर्गजवळच्या मुल्डेनह्युटेनला गेली, तरी अक्षर ‘ई’ च राहिले. बी, सी आणि एच १८८० च्या आसपास बंद पडल्या. म्हणून १८९० नंतरच्या तारखेच्या नाण्यावर ‘सी’ किंवा ‘एच’ दिसले तर ते नाणे तिथेच खाली ठेवावे. छोट्या संस्थानांना स्वतःची टांकसाळ परवडत नव्हती. त्यांची बहुतेक नाणी बर्लिनमध्ये पाडली गेली.

गरुडही दोन प्रकारचा. १८८९ पर्यंत तो लहान, त्याच्या छातीवरची ढाल मोठी. नंतर पक्षी पसरला आणि ढाल आक्रसली. यावरून सालाची पडताळणी लगेच होते. १८८८ हे साल या दृष्टीने फार गमतीचे आहे. त्या वर्षी जर्मनीने तीन सम्राट पाहिले: मार्चमध्ये पहिला विल्हेल्म गेला, त्याचा मुलगा तिसरा फ्रीडरिश ९९ दिवस गादीवर राहून जूनमध्ये गेला, मग दुसरा विल्हेल्म आला. ९९ दिवसांचा राजा म्हटल्यावर त्याचे नाणे दुर्मिळ असणार असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात फ्रीडरिशची २ आणि ५ मार्कची नाणी भरपूर पाडली गेली आणि लोकांनी ती आठवण म्हणून जपून ठेवली, त्यामुळे आजही ती चांगल्या अवस्थेत मिळतात. खरे दुर्मिळ आहे ते दुसऱ्या विल्हेल्मचे त्याच सालचे, लहान गरुडाचे नाणे. ज्याने तीस वर्षे राज्य केले त्याचे पहिले नाणे महाग, आणि ज्याने तीन महिने केले त्याचे स्वस्त. ‘तीन सम्राटांचे वर्ष’ असे लिहून फ्रीडरिशच्या नाण्यावर भाव चढवणारे विक्रेते सगळीकडे आहेत.

बव्हेरियातही असाच उलटा प्रकार. तिथे सर्वांत सहज मिळणारे नाणे ओटो राजाचे. हा १८८६ मध्ये राजा झाला, पण मानसिक आजारामुळे त्याने कधी कारभार केलाच नाही. फ्युर्स्टेनरीडच्या वाड्यात तो बंदिस्त राहिला आणि राज्य काका लुइटपोल्ड चालवत राहिला. १९१३ मध्ये ओटोला बाजूला करीपर्यंत म्युनिकची टांकसाळ त्याचाच दाढीवाला मुखवटा पाडत होती. राजाने राज्य करायलाच हवे अशी टांकसाळीची अट नसते.

टोकाच्या दुर्मिळ नाण्यांबद्दल थोडक्यात. सॅक्सनीचे १९१७ चे ‘शहाणा फ्रीडरिश’ ३ मार्क, धर्मसुधारणेच्या चारशे वर्षांनिमित्त, १०० नग. बव्हेरियाचे १९१८ चे तिसऱ्या लुडविगच्या सुवर्णविवाहाचे ३ मार्क, १३० नग. लग्नाचा सोहळा फेब्रुवारीत झाला आणि नोव्हेंबरमध्ये राज्यच गेले. ही नाणी लिलावाच्या छायाचित्रांत पाहावीत. कोणी आपल्याला परवडेल अशा भावात ती देऊ लागला तर ती नक्कल आहे. चांदीतच पाडलेल्या, वजनाला बरोबर उतरणाऱ्या नकला या दोन नाण्यांच्या जितक्या आहेत तितक्या क्वचितच दुसऱ्या कशाच्या असतील.

खरे-खोटे पाहण्याचा क्रम असा ठेवावा. आधी शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा, आणि दर वेळी सोबतच्या वजनाने तो तपासून घ्यावा. सपाट, वारा नसलेल्या जागी, पंखा बंद करून. ५ मार्क २७.७ च्या आसपास यावे. २७.४ च्या खाली गेले तर ती झीज डोळ्यांना दिसायला हवी: राजाचे केस सपाट, गरुडाची पिसे एकजीव. नाणे टवटवीत आणि वजन कमी, हे जमत नाही. २ मार्क खूप हाताळले जात असल्यामुळे त्यांची झीज जास्त असते, तिथे थोडी सूट द्यावी.

मग पाण्याची परीक्षा. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाण्याला बारीक दोरा अडकवून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असे लोंबते धरावे. जो आकडा येईल तो नाण्याचे आकारमान. वजनाला त्याने भागले की घनता. ९०० कसाच्या चांदीची घनता १०.३ च्या आसपास, म्हणून ५ मार्कला आकडा २.६९ यावा, ३ मार्कला १.६२, २ मार्कला १.०८. तांबे-निकेलच्या नकलेत वजन बरोबर असले तर तोच आकडा ५ मार्कला ३.१ होतो. अशी नक्कल जाडीला सुमारे १५ टक्के जास्त असते, आणि खऱ्या नाण्यावर ठेवून कडा जुळवल्या की नुसत्या डोळ्यांनी दिसते. परीक्षा फसते ती दोन कारणांनी: नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे, आणि दोऱ्याची गाठ पाण्यात जास्त खोल गेली तर. २ मार्कसारख्या लहान नाण्यात शतांशाची चूकही निकाल हलवते, म्हणून तिथे तीनदा करून सरासरी घ्यावी. नंतर नाणे सुती कापडावर टेकवून टिपावे, पुसू नये.

शिसे आणि कथील मिसळून घनता १०.३ ला आणता येते, म्हणून नाणे वाजवूनही पाहावे. वाजवणे म्हणजे फरशीवर आपटणे नव्हे. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याच्या कडेने हलकेच टिचकी द्यावी. चांदी लांबवर खणखणते, शिसे ठप्प बोलते. निओडिमियमचे चुंबक तिरपे धरून त्यावरून नाणे सोडले तर चांदी रेंगाळत खाली येते. लोखंड चिकटते, आणि बऱ्याच मिश्रधातू सुळकन घसरतात. तांबेही रेंगाळते, म्हणून या एका परीक्षेवर निकाल देऊ नये.

आता पुन्हा कडेकडे. ३ आणि ५ मार्कला कोरीव मजकूर, २ मार्कला उभ्या रेघा. साच्यात ओतलेल्या नकलेला कडेवर सांध्याची रेघ असते, आणि ती घासून टाकताना मजकूरही घासला जातो. पण नकलेपेक्षा जास्त वेळा सापडतो तो कडीचा डाख. ही नाणी लोक घड्याळाच्या साखळीला लावत, बव्हेरियातले पुरुष चामड्याच्या चड्डीवरच्या साखळीत हरणाच्या शिंगांशेजारी अडकवत, बायका पदक करून घालत. पुढे कधीतरी कडी काढली, डाख कानसला, वरून पॉलिश मारले. बाकी नाणे सुंदर असते. फक्त राजाच्या डोक्यावरच्या भागात, म्हणजे घड्याळातल्या बाराच्या जागी, कडेवरचा मजकूर अचानक मिटलेला असतो, आणि उंचवट्याला किंचित खळगी असते. जर्मन लिलावांत याला ‘हेन्केलश्पूर’ म्हणतात, कडीची खूण. अशा नाण्याची किंमत सरळ निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. समोरून काढलेल्या छायाचित्रात ती दिसत नाही, म्हणून दूरस्थ खरेदी करताना कडेची तीन छायाचित्रे मागून घ्यावीत. जो द्यायला टाळाटाळ करतो त्याला नमस्कार करावा.

अवस्थेच्या जर्मन शब्दांनी तर भले भले फसतात. ‘शोन’ म्हणजे सुंदर. पण यादीत ‘शोन’ लिहिले असेल तर समजावे की राजाचे कान, केस आणि कॉलर एक झाले आहेत. ‘झेर शोन’ म्हणजे फार सुंदर: व्यवस्थित वापरलेले, सगळे मोठे तपशील दिसणारे, उंच भाग घासलेले. ‘फोरत्स्युग्लिश’ म्हणजे उत्कृष्ट: कानावरच्या केसांवर आणि गरुडाच्या छातीवर जेमतेम झीज. ‘श्टेम्पेलग्लान्झ’ म्हणजे ठशाची झळाळी टिकून असलेले, न वापरलेले. आणि सर्वांत तळाला, जवळजवळ सपाट झालेल्या नाण्यासाठी शब्द आहे ‘गुट एरहाल्टन’, म्हणजे चांगले टिकलेले! जर्मन माणूस विनोद करत नाही म्हणतात, त्यांनी या श्रेणी वाचाव्यात. नव्या संग्राहकाने ‘झेर शोन’ आणि ‘फोरत्स्युग्लिश’ यांच्या मधली नाणी घ्यावीत. तिथे तपशील मिळतो आणि खिसाही सांभाळला जातो.

यादीत नाण्यापुढे ‘जे’ आणि एक क्रमांक दिसेल. तो कुर्ट येगर या जर्मन संशोधकाने लावलेला क्रमांक. प्रत्येक राज्य, प्रत्येक राजा, प्रत्येक किंमत वेगळी. भाषा येत नसली तरी या क्रमांकाने नेमके नाणे शोधता येते. एकाच क्रमांकात बारीक फरकही दडलेले असतात. व्युर्टेम्बर्गच्या १९११ च्या रौप्यविवाहाच्या ३ मार्कवर राणी शार्लोटेच्या नावातल्या ‘एच’ ची आडवी रेघ काही नाण्यांत नेहमीपेक्षा वर आहे. नेहमीच्या नाण्याच्या कितीतरी पट भाव त्या एका रेघेला आहे.

घरी आल्यावर नाण्याचे जे हाल होतात ते टांकसाळीपासून बाजारापर्यंतच्या प्रवासातही होत नाहीत. आपल्याकडे चांदी काळी पडली की हात शिवशिवतात. दिवाळीला निरांजन आणि ताम्हन रांगोळीने घासायचे, चिंच लावायची, नाहीतर टूथपेस्ट. देवघराला ते शोभते. नाण्यावर केले तर ते नाणे संपले. रांगोळीचा प्रत्येक कण केसाएवढा ओरखडा ओढतो, आणि दिव्याखाली नाणे तिरपे धरले की सारे ओरखडे एका दिशेने चमकतात. बाटलीतले चांदी उजळण्याचे द्रावण त्याहून सभ्य वाटते, पण त्यातले थायोयुरिया आणि आम्ल वरचा थर काढूनच काळेपण घालवतात. एकदा बुडवले की झळाळी थोडी जाते, तीनदा बुडवले की नाणे अल्युमिनियमसारखे पांढरेफटक होते. नीट धुतले नाही तर वर्षभरात तपकिरी डाग उमटतात. राखाडी, निळसर, सोनेरी काळपटपणा हा चांदीवर बसलेल्या गंधकाचा थर आहे. तो सावकाश येतो, आणि समप्रमाणात आला असेल तर त्याने भाव वाढतो.

काढायचीच असेल तर एकच गोष्ट काढावी: हिरवट चिकट थर. तो जुन्या मऊ प्लास्टिकच्या अल्बममधून येतो. रसायनांच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आणावे; नखांचा रंग काढायचे द्रव नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणे बुडेल इतके ओतून पाच मिनिटे ठेवावे, द्रव बदलावा, पुन्हा पाच मिनिटे. खिडकी उघडी, गॅस बंद, चोळणे नाही. मग कडेला धरून बाहेर काढले की ते आपोआप वाळते.

ठेवायला ५ मार्कसाठी ३८, ३ मार्कसाठी ३३ आणि २ मार्कसाठी २८ मिलिमीटरच्या कडक पारदर्शक डब्या घ्याव्यात, किंवा पॉलिएस्टरची पाकिटे. मऊ, वास येणारे प्लास्टिक कधीच नको. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र, ताजा वॉर्निश केलेला लाकडी खण, यांतून गंधक किंवा आम्ल सुटते. रबरबँडची काळी रेघ नाण्यावर कायमची उमटते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर डबा उघडूच नये. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती गुलाबी पडली की गरम करून पुन्हा कोरडी करावी.

कायद्याची एक बाब. साम्राज्याची सगळी नाणी आता शंभर वर्षांच्या पुढची आहेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेषांत मोडते, म्हणून परदेशी राहणाऱ्या मुलाकडे किंवा लिलावाला नाणे पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी.

प्रत्येक डबीसोबत एक चिठ्ठी असावी: राज्य, राजा, साल, टांकसाळ, येगर क्रमांक, घेतल्या दिवशीचे वजन दोन दशांशांपर्यंत, पाण्यातला आकडा, आणि कडेवर काय दिसले ते. ‘बाराच्या जागी मजकूर पूर्ण’ एवढे चार शब्द लिहिले तरी पुढच्या माणसाला पुन्हा भिंग काढावे लागत नाही. ते तो काढेलच, पण निदान कुठे पाहायचे ते त्याला कळेल.